पायऱ्या नसलेलं पाणी

मे महिन्यात एका शुक्रवारी रात्री भाच्याचा फोन आला. तो गुरुग्रामला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि मी दिल्ली कँटला. शहर म्हटलं तर एकच, पण महिन्यातून एकदा भेट झाली तर झाली. म्हणाला, "मामा, रविवारी मोकळे आहात का? पोहायला चला. अरवलीत एक निळं तळं आहे. बारा जणांचा ग्रुप, गाइड, गाडी, जेवण, सगळं पॅकेजमध्ये. तुमची आणि मामींची सीट मी बुक करतो."

पाठोपाठ व्हिडिओ आला. तांबूस दगडाचे उभे कडे, मधे निळंशार पाणी, एक पोरगा कड्यावरून सूर मारतो, वर कसलंसं इंग्रजी गाणं. खाली लिहिलेलं की दिल्लीपासून तासाभरावर भूमध्य समुद्र. आमच्या सौ.नी तो तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "जाऊ या हो. या चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत तुमच्या क्वार्टरमध्ये बसून तरी काय करायचंय?" गेलो.

त्या रविवारी जे पाहिलं आणि त्यावर नंतर जो विचार केला तो इथे लिहितो आहे. मत माझं एकट्याचं आहे. पलटणीतल्या जुन्या मंडळींना चुकलं वाटलं तर बिनधास्त कान धरावा.

सकाळी सहाला गाडी निघाली. मेहरौली मागे टाकून सूरजकुंडच्या बाजूने गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याला लागलो, मग एका कच्च्या वाटेने आत. उतरून अर्धा तास चाल. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की कुणीतरी ते फोनवर शोधून तिथे जाणार. वाटेत विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, सगळीकडे माजलेली. मधूनच धौची झाडं, अरवलीची मूळची. गाइड होता तिथल्याच एका गावचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. डोंगराची त्याला चांगली माहिती होती. कुठल्या खळग्यात पावसाचं पाणी किती दिवस टिकतं, तरसाचा पाय आणि कुत्र्याचा पाय यांत फरक काय, हे त्याने छान दाखवलं. चढाच्या वाटेवर त्याच्याइतका भरवशाचा माणूस मागूनही मिळाला नसता.

मग चढ संपला आणि पाणी दिसलं. खोटं बोलणार नाही, मीही क्षणभर बघतच राहिलो. दिल्लीत इतकं स्वच्छ पाणी मी उघड्यावर कधी पाहिलं नव्हतं.

गाइडने हिंदीत विचारलं, सगळ्यांना पोहता येतं ना? बाराही जणांनी हो म्हटलं. सवय वाईट असते, मी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं. नीट पोहता येणारे निघाले पाच. त्यातले तिघे फक्त सोसायटीच्या तलावात पोहलेले, जिथे दमलं की पाय टेकतात. लाइफ जॅकेट होती चार, त्यातल्या दोघांचे बंद तुटलेले. दोर नाही, टायर नाही, ट्यूब नाही. निघताना माणसं मोजली नव्हती, इथेही मोजली नाहीत. मी घरून वीस मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा कॅन आणला होता. भाचा सकाळी त्यावरून हसला होता. "मामा, पिकनिक आहे, ऑपरेशन नाही."

दहाच्या सुमाराला दोन मुलं काठाच्या खडकावर गुडघाभर पाण्यात उभी होती आणि एकमेकांचे फोटो काढत होती. एक फोटोसाठी मागे सरकला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला खाली दगडच नव्हता. आवाज झाला नाही. आरडाओरडा नाही, हात हलवणं नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, डोळे उघडे. समोरच्याला वाटलं हा मजा करतोय, आणि त्याने आणखी एक फोटो काढला. आमच्या सौ. काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तो पोरगा बघा. तो हसत नाहीये."

कॅन दोराला बांधलेलाच होता. पहिली फेक चुकली. दुसरी त्याच्या खांद्यावर पडली, त्याने कॅन कवटाळला, आम्ही तिघांनी ओढला. फार तर एक मिनिट गेलं असेल. बाहेर आल्यावर तो खोकला, ओकला, मग लाजून हसला. गाइड म्हणाला, "कुछ नहीं हुआ सर, थोड़ा पानी पी लिया." पाच मिनिटांनी पुरीभाजीची पाकिटं वाटली गेली. संध्याकाळी ग्रुपवर लोकांनी सहलीला पाचपैकी पाच तारे दिले.

हे "काही झालं नाही" मला त्या दिवसापासून टोचतं आहे. फायरिंग रेंजवर गोळी माणसाच्या कानाजवळून गेली आणि कुणाला लागली नाही, तरी आपण "काही झालं नाही" म्हणून चहा प्यायला जात नाही. रेंज बंद होते, चौकशी होते, कुणाच्या चुकीने झालं ते कागदावर येतं. कारण पुढची गोळी लागणारच असते. इथे मात्र चुकलेली गोळी म्हणजे मजेदार आठवण.

आता हे तळं आलं कुठून, ते सांगतो. हे तळं नाहीच, ती खाण आहे. दिल्ली आणि फरिदाबाद यांच्यामधल्या या डोंगरांतून दगड, बदरपूर रेती आणि सिलिका सँड काढून राजधानी बांधली गेली. भट्टी खाणींच्या भागात ओड समाजाची वस्ती आहे. जमीन खोदणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, फाळणीनंतर सिंधकडून आलेली ही माणसं. त्यांच्या घामाचा दगड आपल्या पायांखालच्या कितीतरी रस्त्यांत आहे. पुढे खाणकाम थांबलं आणि १९९१ मध्ये भट्टीचा भाग असोला अभयारण्याला जोडला गेला. हरियाणाच्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि मग २००९ मध्ये खाणकामाला चाप लावला. यंत्रं गेली, खड्डे राहिले. भूजलाच्या पातळीखाली खोदलेलं होतं, त्यामुळे झऱ्याचं आणि पावसाचं पाणी त्यांत भरलं.

माणसाने यंत्राने खोदलेल्या खड्ड्याला किनारा नसतो, ही पोहणाऱ्याने पहिली लक्षात ठेवायची गोष्ट. नदीला, समुद्राला उतार असतो. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं असं पाणी आपल्याला सावध करत जातं. खाणीत एक पायटी असते आणि तिच्या पुढे सरळ भिंत. वरचं पाणी उन्हाने कोमट, दोन माणसं खाली गेलं की एकदम गार. अंग गार पाण्यात गेलं की माणूस नकळत श्वास ओढतो, आणि तो पाण्याखाली असला तर तोंडात पाणीच येतं. काठाचा दगड सुटा, हात घालावा तर हातात येतो. तळाशी गाळ. आणि तो निळा रंग ज्यासाठी सगळे येतात, तो खोलीचा रंग आहे. स्वच्छ आणि खोल पाणी उन्हातला तांबडा भाग शोषून घेतं आणि निळा परत पाठवतं. व्हिडिओत जे सर्वांत सुंदर दिसतं, पाय न पोचण्याची जागा नेमकी तीच.

परतताना गाइडशी बोललो. बाकीचे पुढे गेले होते. मी विचारलं, बाळा, दोर का आणत नाहीस? म्हणाला, ज्यांची सहल आहे त्यांना सांगितलं होतं, ते म्हणाले दोर बघून गिऱ्हाईक घाबरतं. मग थोडं थांबून म्हणाला, "दो निकाले हैं मैंने सर. इसी पानी से. ज़िंदा नहीं." दोन्ही वेळेला आपली गिऱ्हाइकं नव्हती, जवळच्या वस्तीतली पोरं होती, दुपारी गुपचूप आलेली. गावातल्या माणसांनी खाटेच्या दोऱ्या बांधून काढली. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही, आणि ज्यांनी त्याला पाठवलं त्यांनी बारा जिवांची जबाबदारी एका पोराच्या खांद्यावर फुकट टाकली.

उतरल्यावर गाडी सूरजकुंडजवळ थांबली. मेळ्यासाठी हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या कुंडावरून नाव पडलं ते फार थोडे बघतात. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपालने बांधलं असं मानतात. अर्धगोल आकार, आणि वरपासून तळापर्यंत दगडी पायऱ्या. म्हातारी बाई, लहान मूल, कुणीही आपल्याला झेपेल त्या पायरीवर थांबावं आणि पाणी घ्यावं, अशी रचना. मी गेलो तेव्हा कुंड कोरडं होतं. जवळचं बडखल तलावही असंच वर्षानुवर्षं कोरडं पडलं होतं. आजूबाजूच्या खाणींनी आणि उपशाने पाण्याच्या वाटा तोडल्या, हे त्यातलं मोठं कारण.

तिथे उभं राहून मला ते लख्ख दिसलं. या डोंगरात जिथे पायऱ्या आहेत तिथे पाणी नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे पायऱ्या नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या राजाला जे कळलं होतं ते आपण विसरलो. लोक पाण्याकडे येणारच. त्यांना उतरायला आणि वर यायला वाट करून देणं हे पाणी ज्याच्या ताब्यात आहे त्याचं काम.

दिल्ली कधीच कोरडी माणसं राहणारं शहर नव्हतं. मेहरौलीची गंधक की बावली लोकांच्या उड्यांसाठी प्रसिद्ध होती, इंग्रजीत तिला उडीची विहीरच म्हणत. निजामुद्दीनच्या चौदाव्या शतकातल्या बावलीत वस्तीतली पोरं भिंतीवरून उड्या मारत, हे बघितलेली माणसं आजही भेटतील. यमुना होतीच. आज वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा बावीस किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्के आहे, पण नदीच्या घाणीतला मोठा वाटा तिथेच पडतो. त्यात कोण उतरणार? राहिले तलाव. ते क्लबांचे, सोसायट्यांचे, मोठ्या शाळांचे, काही सरकारी क्रीडा संकुलांचे. माझ्यासाठी छावणीचा आहे, लाइफगार्डसकट. संगम विहारात प्यायचं पाणी टँकरने येतं. तिथल्या सोळा वर्षांच्या पोराने मे महिन्यात कुठे डुबकी मारायची? तो चालत डोंगर ओलांडतो आणि खाणीत उतरतो. आपण त्याला उनाड म्हणतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

माझंच सांगतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, लिंबपासून फार लांब नाही. लिंबची बारा मोटांची विहीर अनेकांनी पाहिली असेल, अठराव्या शतकातली, आत उतरायला जिना, वर महाल. आमच्या मळ्यातली विहीर तशी राजेशाही नव्हती, पण तिला पायऱ्या होत्या. मी सात वर्षांचा असताना पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून चुलत्यांनी मला ढकललं. धाकटे चुलते आधीच पाण्यात होते, थोरले पायरीवर दोर धरून. पहिले आठ दिवस डबा, मग नुसता दोर, मग काहीच नाही. "थोरलं माणूस वर नसेल तर पाण्यात पाय घालायचा नाही" हा एकच कायदा, आणि तो मोडला म्हणून चुलत भावाने खाल्लेला मार मला आजही आठवतो. गावाकडे ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो त्या पद्धतीत शिकवणारा होता, दोर होता, उतरायची वाट होती आणि नियम होता. त्या बारा जणांच्या पॅकेजमध्ये यातलं एकही नव्हतं.

भाच्याला परतताना हे बोललो तेव्हा तो जरा गप्प होता. मग त्याने स्वतःहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने तो फ्रान्सला गेला होता, तेव्हा मार्सेलजवळ अशीच एका दिवसाची पोहण्याची सहल केली होती. तिथे चुनखडीच्या उभ्या कड्यांमध्ये समुद्र आत शिरलाय, त्या खाड्यांना कालांक म्हणतात. "मामा, तिथे आम्ही आठ जण होतो. उतरण्याआधी त्या बाईने प्रत्येकाला काठाजवळ पन्नास मीटर पोहायला लावलं. मला दम लागला तर सगळ्यांसमोर जॅकेट घालायला लावलं. मला तेव्हा अपमान वाटला होता." आणि मग, "आज मी बारांची बुकिंगं केली आणि हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही."

मार्सेल म्हटलं की आपल्या लोकांना १९१४ आठवतं, हिंदी फौजेची पहिली तुकडी त्या सप्टेंबरात तिथेच उतरली. त्या किनाऱ्याची आजची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. कालांकचं राष्ट्रीय उद्यान २०१२ मध्ये झालं. त्यातल्या सुजितों नावाच्या खाडीवर उन्हाळ्यात एवढी गर्दी व्हायची की तुडवण्याने माती धुपून झाडांची मुळं उघडी पडली. २०२२ पासून त्यांनी नियम केला की उन्हाळ्याच्या गर्दीच्या दिवसांत तिथे दिवसाला चारशे माणसंच जातील, आधी नाव नोंदवून. आणि नोंदणी फुकट. हे शेवटचं महत्त्वाचं. संख्या आवळली, पण पैशाने आवळली नाही. श्रीमंताला आणि विद्यार्थ्याला एकच रांग.

आपल्याकडे काय होतं? पोरगं बुडतं. बातमी येते. मग फलक लागतो, "पोहण्यास सक्त मनाई". पोलिसांची गाडी चार दिवस फिरते. पाचव्या दिवशी फलकाला शर्ट अडकवून पोरं पाण्यात असतात. हे फरिदाबादचंच नाही, आपल्या महाराष्ट्राचंही तसंच आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दोन्ही वेळेला सगळीकडे चर्चा, मग फलक, मग बंदी, मग पुढचा पावसाळा. देशात दरवर्षी पाण्यात बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद पस्तीस हजारांच्या वर असते. आपल्या एका पूर्ण डिव्हिजनमध्ये किती माणसं असतात ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. हिशेब करा.

माझ्या मते नुसती बंदी म्हणजे जबाबदारी झटकण्याचा कागद आहे. फलक लावला की अधिकारी सुटला. मेलेला पोरगा नियम मोडून मेला, एवढंच उरतं.

याचा अर्थ सगळ्या खाणी पोहायला उघडा, असं मी म्हणत नाही. उलट अभयारण्याच्या आतल्या पाण्याला कुणी हात लावू नये. भट्टीच्या उघड्या बोडक्या खाणींवर जंगल परत आणायला २००० पासून आपलीच माणसं राबली आहेत. टेरिटोरियल आर्मीची १३२ इको टास्क फोर्स, राजपूत रेजिमेंटशी जोडलेली. दगडात खड्डे खणून, पाणी वाहून, एकेक रोप जगवून त्यांनी तो डोंगर हिरवा केला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी असोल्यात लोकांना निसर्ग दाखवण्याचं काम करते. त्यांच्यासोबत जा, पक्षी बघा, फुलपाखरं बघा. तिथलं पाणी नीलगाईचं आणि बिबट्याचं आहे. ते काठावरून बघायचं, आणि त्यातही आनंद आहे.

पण अभयारण्याबाहेर, हरियाणाच्या बाजूला, असे कितीतरी खड्डे आहेत जिथे दर उन्हाळ्यात माणसं जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला एक निवडा. एकच. एका बाजूचा कडा सुरक्षित करून पायऱ्या बांधा. उथळ भाग तयार करा, त्याला दोरी आणि तरंगते डबे लावा. चार जीवरक्षक नेमा, आणि ते तिथल्या गावांतलेच नेमा. माझा तो गाइड पोरगा यासाठी पहिला उमेदवार आहे. दिवसाची संख्या ठरवा, नोंदणी फुकट ठेवा. सकाळी वस्तीतल्या मुलांना पोहायला शिकवा. आणि बाकीच्या खाणींना कुंपण घाला. मग ती बंदी खरी बंदी होईल, कारण तेव्हा पोराला म्हणता येईल की इथे नको, तिथे जा. आज आपण फक्त "इथे नको" म्हणतो.

खर्च होईल. पण ज्या डोंगरातून इतकी वर्षं दगड विकला, त्याला थोड्या पायऱ्या परत देण्याइतके पैसे तरी निघावेत.

एक हरकत मला माहीत आहे. आमच्या एका मित्राने, तोही सुभेदार, फोनवर सांगितली. "अरे, आपली पोरं आधीच मऊ झाली आहेत. जरा धाडस करू देत. आपण काय जॅकेट घालून वाढलो का?" त्याला मी उत्तर दिलं ते इथेही देतो. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. समोरून मशिनगन चालू असताना जखमी साथीदारांना त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाण्यातलं धाडस ते. त्याला कारण होतं, दुसऱ्या माणसाचा जीव होता. फोटोसाठी मागे सरकताना मरणं याला धाडस म्हणून आपण त्या शब्दाची किंमत कमी करू नये. आणि पलटणीत नदी पार करण्याचा सराव होतो तेव्हा आपण काय करतो? पोहता येणारे आणि न येणारे वेगळे काढतो. प्रवाहाच्या खालच्या अंगाला दोर बांधतो. जोड्या लावतो, जोडीदाराचा जीव तो तुझी जबाबदारी. उतरायच्या आधी गिनती, बाहेर आल्यावर गिनती. हे सगळं आपण भित्रे आहोत म्हणून करतो का?

म्हणून नागरी मित्रांना, विशेषतः दिल्ली, पुणे, मुंबईच्या आपल्या तरुण मंडळींना सांगणं. अशा एका दिवसाच्या सहलीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. छोटा ग्रुप चांगला, माहीतगार गाइड चांगला. एकटं जाण्यापेक्षा हजार पटीने चांगला. पण पैसे भरण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. त्या पाण्यात उतरायला परवानगी आहे का? काठावर फक्त लक्ष ठेवणारा, स्वतः पाण्यात न जाणारा माणूस कोण आहे? दोर, ट्यूब आणि प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट आहे का? सर्वांत जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि तिथवर गाडी कुठून जाते? उत्तर "टेन्शन मत लो" असं आलं तर पैसे भरू नका. हसून फोन ठेवा.

आणि कुणी बुडताना दिसलं तर आधी हात किंवा काठी पुढे करा, नाही पोचली तर दोर, ओढणी, काहीही फेका. उडी शेवटी, आणि तीही येत असेल तरच. एकाला वाचवायला तीन जण गेले आणि चौघे बुडाले, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढायच्या मागे लागू नका. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला घ्या, मदत येईपर्यंत थांबू नका. आणि शुद्धीवर असला, हसत असला, तरी डॉक्टरला दाखवा. छातीत गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. आमच्या त्या मुलाला मी गाडीतून उतरू दिलं नाही, थेट इस्पितळात नेला. त्याला राग आला. येऊ दे.

पुढचं थोडक्यात. भाच्याने त्या ग्रुपवर आपले पाच तारे काढून टाकले आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं. त्याला ग्रुपमधून काढलं. जून महिन्यापासून तो गुरुग्रामच्या एका तलावात सकाळी सहाला पोहायला शिकतो आहे, वर्गात त्याच्यासोबत सगळी आठ-नऊ वर्षांची मुलं. परवा फोन केला तर म्हणाला, "मामा, आज दोनशे मीटर झालं. न थांबता."

तो दोर आणि कॅन मी गाइड पोराला देऊन आलो. गाठ कशी मारायची आणि फेकायचा कसा ते त्याला वाटेतल्या सपाटीवर वीसदा करायला लावलं. एकविसाव्या फेकीला कॅन मी उभा होतो तिथे बरोबर पायाशी येऊन पडला.

जय हिंद.